पुस्तक कोणाच्या हाती द्यायचे, हेही पाहायला हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाचनाची आवड कमी होत चालली आहे, अशी खंत व्यक्त करणारी पत्रे आणि लेख आपल्या वृत्तपत्रात वरचेवर प्रसिद्ध होतात. ती खंत खरी आहे. मात्र त्यात दोष बहुधा मोबाइलला, नाहीतर मुलांच्या चंचलपणाला दिला जातो आणि त्या मुलांच्या हाती आपण कोणते पुस्तक ठेवले होते, हा प्रश्न मागेच राहतो. शाळेच्या ग्रंथालयात बरीच वर्षे काम केल्यावर आणि संध्याकाळी प्रौढ वाचकांची देवघेव सांभाळल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, वाचन सुटते त्याला पुष्कळदा चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसाला दिलेले पुस्तक कारणीभूत असते.

ग्रंथालयात काम करणाऱ्याला हे पुस्तकाच्या कडेवरूनच कळते. अनेक हातांतून गेलेले पुस्तक मिटून उभे धरले, तर पानांची कड जिथवर वाचले गेले तिथवर मळकट दिसते आणि पुढे एकदम पांढरी होते. आमच्याकडच्या एका नावाजलेल्या पुस्तकावर देवघेवीच्या तारखांचे शिक्के रांगेने पडले होते, म्हणजे नोंदवहीच्या हिशेबाने ते अत्यंत लोकप्रिय ठरत होते. प्रत्यक्षात पहिली तीस-चाळीस पाने तेवढी मऊ पडली होती आणि बाकीचे पुस्तक कोरे करकरीत होते. ज्यांनी ज्यांनी ते नेले, त्यांपैकी बहुतेकांनी ते तेवढ्यावरच सोडले असणार, आणि त्यांतल्या काहींनी तरी ‘वाचन आपल्याला जमत नाही’ असे मनाशी धरले असेल, याची मला आजही टोचणी लागते, कारण त्यांतल्या कित्येकांना ते पुस्तक मीच आग्रहाने दिले होते.

हे का होते? पुस्तक ‘चांगले’ आहे एवढेच आपण पाहतो; ते कोणासाठी चांगले आहे, हे पाहत नाही. मोठी माणसे आपल्या लहानपणी आवडलेली पुस्तके सुचवतात, शिक्षक बोध देणारी सुचवतात आणि खरेदी करणारे यादीवर खुणा करतात. पूर्वी मी जिथे काम करत होते, तिथे एका वर्षी खोकीच्या खोकी पुस्तके एकदम आली. शिक्के मारले गेले, दाखल क्रमांक पडले, कपाटाला कुलूप लागले. पण निवड करणाऱ्यांपैकी एकानेही त्यांतले एखादे पुस्तक उघडून वाचले नव्हते. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांत ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ आणि ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ ही दोन सूत्रे लागोपाठ येतात. ती आम्ही परीक्षेसाठी पाठ केली. पण ही गाठ घालून देणे हेच आपले रोजचे काम आहे, हे मला तरी फार उशिरा उमगले.

पुस्तकाच्या अवघडपणाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तिथेच सर्वाधिक वाचक गळतात. दुसरी भाषा शिकणाऱ्या वाचकांवर भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. कोणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायची, तर मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असे त्यातून दिसले. दोनशे शब्दांचे पान धरले, तर त्यावर चारच शब्द अनोळखी असावेत, असा त्याचा अर्थ होतो. कित्येक शिक्षक मुलांना पुस्तकाचे मधलेच एखादे पान वाचायला सांगून अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायला लावतात आणि पाचही बोटे दुमडली की पुस्तक तूर्त बाजूला ठेवायला सांगतात. ही रीत ढोबळ असली, तरी या हिशेबाच्या बरीच जवळ जाते. अर्थात विषयाची ओढ जबर असेल, तर मूल याहून अवघड पुस्तकही तडीस नेते, हेही मी पाहिले आहे.

सातवीतला एक मुलगा दर आठवड्याला सर्वांत बारीक पुस्तक शोधून न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी न वाचता परत आणायचा. ‘तुला काय वाचायला आवडेल?’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते, आणि ज्याने मनापासून काहीच वाचलेले नाही त्याच्याकडे ते कुठून असणार? मग मी त्याला सुटीच्या दिवशी काय करतोस, असे विचारले. घरातली बंद पडलेली घड्याळे उघडून पाहतो, असे तो जरा घाबरतच म्हणाला. यंत्रांच्या आतील रचना चित्रांतून समजावणारे एक जाडजूड पुस्तक मी त्याला काढून दिले. ते त्याच्या इयत्तेच्या मानाने अवघड होते. त्याने ते तीन वेळा मुदत वाढवून घेऊन ठेवले, आणि परत आले तेव्हा त्याची कड शेवटच्या पानापर्यंत सारखी मळली होती. चित्रांची पुस्तके, कॉमिक्स, खेळाडूंची चरित्रे, कोडी यांना अवांतर म्हणून खालच्या कप्प्यात ढकलण्याची आपली सवय मला म्हणूनच चुकीची वाटते.

प्रौढांची अडचण वेगळी असते, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. वीस वर्षांनी पुस्तक हातात घेणाऱ्या माणसाला आपला वाचनाचा वेग मंदावला आहे, याची लाज वाटते. त्याला पाचशे पानांची कादंबरी देणे म्हणजे त्याला परत पाठवण्यासारखेच आहे. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, त्यामुळे ‘हल्ली मन लागत नाही’ असे सांगणाऱ्या काहींना खरे तर चष्म्याची आणि मोठ्या टाइपाच्या पुस्तकाची गरज असते. नव्याने अक्षरओळख झालेल्या प्रौढांच्या हाती तर आपण सर्रास लहान मुलांच्या गोष्टी देतो. त्यांना भाषा सोपी हवी असते, पण विषय त्यांच्या वयाचा आणि अनुभवाचा हवा असतो. अशी पुस्तके फार थोडी निघतात, आणि निघतात तीही शोधल्याशिवाय हाती लागत नाहीत.

म्हणून माझे शिक्षक, पालक आणि ग्रंथपाल या सर्वांना कळकळीचे सांगणे आहे की, निदान जे पुस्तक आपण दुसऱ्याला सुचवतो, त्याची सुरुवातीची आणि मधली काही पाने तरी स्वतः वाचावीत; मलपृष्ठावरील मजकुरावर विसंबू नये. अनुवादित पुस्तक असेल, तर एक परिच्छेद मोठ्याने वाचून पाहावा, वाक्य जिभेवर अडखळते की नाही हे लगेच कळते. आणि न आवडलेले पुस्तक अर्धवट परत करण्याची मोकळीक वाचकाला द्यावी. परत करताना सारांश लिहून आणण्याची सक्ती तर मुळीच करू नये. त्या सक्तीमुळे मुले बारीक पुस्तके शोधू लागतात, हे मी दरवर्षी पाहते.

आपल्याकडेही एक मागणी आहे. वृत्तपत्रांतील परीक्षणे बहुतांशी नव्या पुस्तकांची असतात आणि ती मुळात वाचणाऱ्यांसाठीच लिहिलेली असतात. आठवड्यातून एकदा चार-पाच ओळींच्या वाचकनोंदींना आपण जागा द्यावी. पुस्तक पूर्ण वाचलेल्या विद्यार्थ्याने किंवा प्रौढाने ते कोणत्या वयाच्या आणि कोणत्या आवडीच्या माणसाला रुचेल, भाषा सोपी आहे की जड, टाइप केवढा आहे, कुठे कंटाळा आला आणि तरी पुढे का वाचले, एवढेच त्यात लिहावे. पुस्तक जुने असले तरी चालावे. वाचकांनी परत करताना सहज बोलून दाखवलेली अशी मते मी गेली काही वर्षे एका वहीत टिपून ठेवत आहे. सदर सुरू करायचे ठरल्यास त्या वाचकांची संमती घेऊन पहिल्या काही आठवड्यांचा मजकूर पाठवण्याची माझी तयारी आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक ग्रंथपाल