टायकोची बाजू

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "विषय खगोलशास्त्र, मग इतिहास कशाला शिकवतेस?" तेव्हा तासाला निघायची घाई होती, म्हणून आज लिहिते.

माझ्या वर्गात नाटक, कायदा, व्यापार शिकणारी मुलं आहेत. पहिल्या वर्षी मी त्यांना सूत्रं दिली. त्यांनी ती पाठ केली, पेपरात उतरवली आणि विसरून गेली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सगळ्यांना ठाऊक. कशावरून, असं विचारलं की वर्ग चिडीचूप.

म्हणून यंदा १५४३ पासून सुरुवात केली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं सांगणारं कोपर्निकसचं पुस्तक आलंय, पण ठोस पुरावा कुणाकडेच नाही. पुढे डेन्मार्कचा खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे याने पृथ्वीचं फिरणं नाकारलं म्हटल्यावर मुलं हसली. मी म्हटलं, हात लांब करून अंगठा धरा, आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा फळ्यावर इकडून तिकडे सरकतो. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या या बाजूची त्या बाजूला जात असेल, तर जवळचे तारेही असेच सरकायला हवेत. टायकोची मोजमापं दुर्बिणीशिवायही साधारण एका कलेपर्यंत (अंशाचा साठावा भाग) अचूक होती. त्याला तारे सरकलेले दिसले नाहीत.

"तारे फार लांब असतील," मागून एकजण म्हणाला. टायकोनेही तो हिशेब केला होता. डोळ्यांना ताऱ्याची जेवढी टिकली दिसते, ती खरी धरली तर इतक्या लांबचा तारा सूर्याहून अवाढव्य ठरतो. ती टिकली हा नुसता भास आहे, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. कायदा शिकणारी मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "समोरच्या पुराव्यावर मीही त्याच्याच बाजूने निकाल दिला असता." बाबा, या एका वाक्यासाठी मी इतिहास शिकवते.

जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने १८३८ मध्ये ६१ सिग्नी या ताऱ्याचं सरकणं मोजलं, तेव्हा त्याचं निम्मं माप सुमारे ०.३१ विकला भरलं (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). दोन सेंटिमीटरचं नाणं १३ किलोमीटरवरून दिसेल, तेवढं! नाटकवाल्या मुलाने वहीच्या कडेला वजाबाकी केली. "२९५ वर्षं लोक नुसते थांबले?"

थांबले नाहीत. हेच सरकणं शोधताना इंग्रज खगोलशास्त्रज्ञ ब्रॅडलीला १७२८ मध्ये भलतंच काही सापडलं: पृथ्वीच्या वेगामुळे ताऱ्याचा प्रकाश किंचित तिरका येतो. पृथ्वी फिरते याचा पहिला थेट पुरावा तोच. तो धडा सोमवारी आहे आणि माझी तयारी अजून अर्धीच झालीय. आई, फोन रविवारी करते.

तुमची लेक