सूचना : ऑटिझमची (स्वमग्नतेची) शंका असेल तर तपासणी लांबवू नका

नमस्कार पालकहो,

ग्रुपमध्ये नवे पालक आलेत, म्हणून पुन्हा सांगतो. मूल नावाने हाक मारल्यावर वळून बघत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत वर्ष घालवू नका. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणारं सरकारी केंद्र) मोफत तपासणी होते. ऐकण्याची तपासणी आधी करून घ्या.

ऑटिझम रक्ताच्या रिपोर्टमध्ये किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. डॉक्टर मुलाचं वागणं बघून आणि तुमच्याशी बोलून निदान करतात. दवाखान्यात मूल बरेचदा वेगळंच वागतं. त्यामुळे घरचे छोटे व्हिडिओ मोबाइलमध्ये ठेवा : खेळण्यातली गाडी उलटी करून चाकंच फिरवत बसणं, कुकरची शिट्टी झाली की कान दाबणं, पाहुणे आल्यावर काय होतं ते. रागावून किंवा शिकवून काढलेले नकोत, जसं आहे तसं.

थेरपीसाठी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची वाट बघू नका, लगेच सुरू करा. पण प्रमाणपत्र घ्याच. लोक काय म्हणतील म्हणून टाळू नका, हक्क आपल्या मुलाचा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. युडीआयडीसाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं, थेरपीचा खर्चही त्यात बसतो.

आणि कळकळीची विनंती : स्टेम सेलने (मूलपेशींच्या उपचाराने) ऑटिझम ‘बरा’ करण्याच्या जाहिरातींवर दागिने मोडू नका. त्याला पुरावा नाही.

अर्ज भरताना अडलं तर ग्रुपवर विचारा.