उजव्या बाजूची गाठ

प्रिय डॉक्टर,

हे पत्र तुम्हांला वाचता येणार नाही. इंग्रजीत एक कार्ड पाठवलं आहे, पण त्या चार ओळींत जे मावलं नाही ते इथे लिहितेय. आईवडिलांना इकडे आणून ठेवलेली मराठी घरं डॅलसच्या आसपास बरीच आहेत. त्यांतल्या कुणाच्या नजरेस पडलं तर कामालाच येईल.

मार्चमध्ये आई पहिल्यांदा तुमच्यासमोर येऊन बसली तेव्हा तिच्या डोक्याला फिका निळा स्कार्फ होता. पाच महिने तो उतरला नव्हता, घरातसुद्धा. नातू बघेल, म्हणायची. डाव्या कानाच्या पाळीवर, कुडीच्या छिद्राच्या जरा वर, ऑक्टोबरात एक पुटकुळी आली होती. ती फुटली, पसरली, कडा उंच झाल्या. मध्ये खपली धरायची आणि पडायची. दुखत नव्हती, खाजत नव्हती, नुसती बरी होत नव्हती.

तुमच्याआधी चार ठिकाणी गेलो. नावं घेत नाही. पहिल्यानं मलम दिलं. दुसऱ्यानं अँटिबायोटिक दिलं, त्यानं आईचं पोट तेवढं बिघडलं. तिसऱ्यानं सांगितलं, कानातल्याची ॲलर्जी आहे. बावीस कॅरेट सोन्याची! त्या कुड्या तिच्या कानात लग्नापासून आहेत, म्हणजे त्रेपन्न वर्षं, आणि ॲलर्जीला जाग आत्ता आली. चौथ्यानं तुकडा काढून तपासायला पाठवला, त्यात काही निघालं नाही. मग दारापाशी उभं राहून, माझ्याकडे बघत, तो कुष्ठरोगाबद्दल बोलला. आईला इंग्रजी बोलता येत नाही, पण 'लेप्रसी' कळतं. तिचं माहेर वरोऱ्याजवळचं. बाबा आमट्यांचं आनंदवन तिनं लहानपणापासून बघितलेलं, त्या रोगाची तिला भीती नाही. तिला लागलं ते एवढंच, की तो माणूस दारातून पुढे आला नाही.

आणि चौघांचाही पहिला प्रश्न एकच : भारतातून कधी आलात? आई चार वर्षांत तिकडे गेलेली नाही. हे ऐकलं की त्यांची उत्सुकताच संपायची, जणू आजार विमानानंच यायला हवा. चौथ्याकडून घरी येताना गाडीत म्हणाली, "काऊन वं, भारतात गेलं नाही तर माणसानं आजारी पडायचं नाही का?"

तुम्ही विचारलंत, दिवसातला कुठला वेळ बाहेर घालवता? आणि विचारलंत तिला. मी मध्ये फक्त भाषेपुरती होते.

आई खुलली. वाफ्यांतली भेंडी, अंबाडी, कुंडीतली तुळस, सगळं सांगितलं. दिवेलागणीला तुळशीशी दिवा लावायचा आणि तिथेच खुर्ची टाकून मावशीला फोन करायचा. नागपूरला तेव्हा पहाट असते, मावशी चहा टाकत असते. अंधार पडेपर्यंत दोघींच्या गप्पा. तुम्ही विचारलंत, फोन कुठल्या कानाला? उजव्या. म्हणजे डावा कान रोज संध्याकाळी तासभर उघडा. कुंपणापलीकडे काय आहे तेही विचारलंत. ओढा आहे, निवडुंग आहे, आणि काटक्यांचा एक मोठा ढीग, जो कुणी कधी रचताना दिसला नाही. तो रानउंदरांचा असतो हे मला तुमच्याकडून कळलं. अकरा वर्षं त्या घरात राहतेय मी.

मग तुम्ही आईची परवानगी घेऊन स्कार्फ सोडलात. खुर्ची ओढून तिच्या कानाच्या पातळीला बसलात, भिंग लावून निवांत पाहिलंत. म्हणालात, "मला अजून खात्री नाही, पण शोधल्याशिवाय सोडणार नाही." पुन्हा नमुना घेतलात, पट्टी लावलीत. इथपर्यंत चांगला डॉक्टर करील तेवढंच. पण नंतर टेबलावरचा स्कार्फ तुम्ही तिच्या हातात दिला नाहीत. झटकलात, घडीवर घडी बसवलीत, तिच्या डोक्याला बांधलात आणि गाठ मारलीत उजव्या बाजूला. आई उजवीकडेच बांधते, डाव्या कानावर दाब येऊ नये म्हणून. हे तुम्हांला कुणी सांगितलं नव्हतं. सोडताना तुमच्या लक्षात राहिलं होतं.

आई लिफ्टमध्ये रडली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. मला वाटलं घाबरली. तर म्हणाली, "माझी आई वेणी घालून द्यायची ना, तसं वाटलं."

अटलांटाच्या सरकारी प्रयोगशाळेतून उत्तर आलं, तुमचा अंदाज बरोबर होता : लेशमानिया मेक्सिकाना. काळ्या आजाराच्या घराण्यातलाच परजीवी, पण हा पोटात न शिरता कातडीवर बसणारा. रानउंदरांत राहतो आणि वालुमाशीच्या चाव्यातून माणसात येतो. ही माशी डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, आवाज न करणारी, तिन्हीसांजेनंतर निघणारी. मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या जंगलांत च्युइंगगमसाठी चिकल झाडांचा चीक गोळा करणाऱ्या कामगारांचे कान या रोगानं झडायचे. इतरत्र उठलेला फोड पुष्कळदा आपोआप भरतो, कानावरचा वर्षानुवर्षं कुरतडत राहतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

आणि हा रोग इथे नवा नाही, हेच खटकतं. २०१८ साली छापलेल्या एका अभ्यासात ६९ रुग्णांपैकी ४१ जण देशाबाहेर कुठे गेलेलेच नव्हते. टेक्ससमध्ये या रोगाची नोंद आरोग्य खात्याकडे करावीच लागते. म्हणजे कागदावर हा रोग या राज्याचा रहिवासी आहे, फक्त दवाखान्यात त्याला परदेशी पाहुणा समजतात. आईसारखंच झालं ते.

खरं तर वालुमाशी आम्हां नागपूरकरांना ठाऊक असायला हवी होती. १९६५ साली ज्या गावातल्या रुग्णांत नवा विषाणू सापडला ते चांदीपुरा आमच्याच जिल्ह्यातलं, आणि तो विषाणू पसरवणारीही वालुमाशीच. इकडे डॅलसला येऊन ती गाठेल हे डोक्यातच आलं नाही. मग त्या चौघांना मी तरी किती बोलू? पण बोलते. माहीत नसणं चालतं. माहीत नसताना कुडीवर ढकलून मोकळं होणं चालत नाही.

औषधाचं पुराण लावत नाही. २८ दिवस गोळ्या, त्यातले निम्मे मळमळीत गेले, आईनं साबुदाण्याच्या पेजेवर काढले. एक गोष्ट मात्र तिला फार आवडली : ही गोळी काळ्या आजारावर वापरायला पहिली परवानगी भारतानं दिली, २००२ साली. अमेरिकेत ती २०१४ मध्ये आली. "पाहिलं," ती म्हणाली, "विचारत होते ना भारतातून काय आणलं?"

लहानपणी नागपूरच्या महाल भागातले आमचे डॉक्टर घरी यायचे, चप्पल दाराबाहेर काढायचे, खाटेवर टेकायचे आणि नाडी बघताना आजीला भाजीचा भाव विचारायचे. ते फार हुशार होते की नाही, मला सांगता येणार नाही. पण ते येऊन गेले की आजी उठून बसायची. मी समजत होते की ही जात आता संपली, इन्शुरन्सच्या पंधरा मिनिटांत तिला जागा नाही. तुम्हालाही तेवढीच पंधरा मिनिटं होती, डॉक्टर.

कान भरलाय. पाळीला खाच राहिली आणि छिद्र बुजलं, त्यामुळे कुडी एकाच कानात घालते. तुळस कुंडीसकट आत आली, फोन आता स्वयंपाकघरातून होतो, आणि मावशीला तिकडे भांड्यांचाच आवाज जास्त येतो म्हणे.

पुढच्या महिन्यात शेवटची तपासणी आहे. स्कार्फची आता गरज नाही, तरी आई तो धुऊन, इस्त्री करून ठेवून बसली आहे. बांधून येणार आहे. तुम्ही सोडाल आणि परत बांधाल, असं तिनं गृहीतच धरलंय.

तुमची,
एका पेशंटची मुलगी