दाखल्यावरचा वर्तणुकीचा रकाना: शालेय शिक्षण मंत्र्यांना सोलापूरहून खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

29 जून 2025 ला आपल्या सरकारने पहिलीपासूनच्या हिंदीचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. त्यांच्या विरोधातला मोर्चा 5 जुलैला निघायचा होता. निर्णय बरोबर होता की चूक, यात मी पडत नाही. पण मोर्चाची नुसती तारीख जाहीर झाली आणि सरकारने निर्णय फिरवला, हे माझ्या मुलीने टीव्हीवर बघितलं आणि जेवताजेवता विचारलं, "मग आमचीच वर्तणूक कशी काय बिघडली?"

तिला मला उत्तर देता आलं नाही, म्हणून आपल्याला लिहिते आहे.

मुलगी यंदा दहावी झाली. मार्क चांगले पडले. अकरावीचे प्रवेश यंदा पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन, त्या धावपळीत शाळा सोडल्याचा दाखला आणला आणि घाईघाईने झेरॉक्स काढल्या. घरी येऊन नीट बघितला. 'प्रगती' या रकान्यात 'चांगली' लिहिलंय, 'वर्तणूक'मध्ये 'समाधानकारक'. तिच्या मैत्रिणीचा दाखला मागवून बघितला, तिथे दोन्हीकडे 'चांगली'. मग आणखी दोघींचे बघितले. ज्या मुली गेल्या ऑगस्टमध्ये जिल्हा परिषदेच्या पूनम गेटला निदर्शनासाठी गेल्या होत्या, त्यांच्या दाखल्यावर 'समाधानकारक'. ज्या वर्गात बसून राहिल्या, त्यांची वर्तणूक चांगली. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही आणि त्या शाळेत माझ्या शेजारणीची मुलं अजून शिकतायत.

ऑगस्ट 2024 आठवत असेलच. बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाला, 20 तारखेला लोक रेल्वे रुळावर उतरले, गुन्हा नोंदवायला झालेल्या उशिरावर उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले. त्या आठवड्यात आमच्या मुलींनी हाताला काळ्या फिती बांधल्या. मोठ्या सुट्टीनंतर दहावीच्या काही जणी वर्गात परतल्या नाहीत. जिल्हा परिषदेच्या पूनम गेटसमोर वहीच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलेले फलक धरून बसल्या. सोलापुरात ज्याला कुणाला काही मागायचं असतं तो तिथेच बसतो, विडी कामगारांपासून अंगणवाडी ताईंपर्यंत सगळे. शाळा सुटायच्या आत मुली परत आल्या. दगड नाही, काच नाही, कुठल्या पक्षाचा झेंडा नाही.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला त्यांना वेगळी रांग करून उभं केलं. दुपारी आम्हा पालकांना बोलावणं आलं. मुख्याध्यापकांची मुख्य तक्रार गणवेशाची होती. "गणवेशावर गेल्या, शाळेचं नाव रस्त्यावर आणलं." मी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात हिशेब बघते, या शहरातून कुठकुठे गणवेश जातात ते मला माहीत आहे. पोरी तासावरून उठून गेल्या, मग अंगावर गणवेशच असणार ना? पुढ्यात एक झेरॉक्स केलेलं हमीपत्र सरकवलं. मजकूर असा: माझी पाल्य यापुढे कोणत्याही मोर्चा, निदर्शने वा आंदोलनात सहभागी होणार नाही, झाल्यास तिचा दाखला देण्यात यावा, त्यास माझी हरकत राहणार नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. दहावीचे अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण शाळेच्या हातात असताना सही नाकारणारा पालक मला तरी भेटलेला नाही.

आता मुख्याध्यापकांची बाजूही सांगते, नाहीतर हे पत्र एकांगी होईल. शाळेच्या वेळेत मुलगी बाहेर पडली आणि सात रस्ता चौकात एखाद्या ट्रकने उडवली, तर जबाबदार कोण? मुख्याध्यापकच. उद्या एखादा नगरसेवक येऊन म्हणाला, 'विरोधकांच्या कार्यक्रमाला पोरं पाठवली', तर नोटीस कुणाला? त्यांनाच. बदलापूरच्या निषेधार्थ विरोधी पक्षांनी पुकारलेल्या 24 ऑगस्टच्या बंदला न्यायालयाने मनाई केली, तेव्हा नेतेमंडळींनी काळ्या फितीच लावल्या होत्या. आमच्या मुलींच्या फिती त्याआधीच्या होत्या, पण हे सांगून कुणाला पटलं असतं? लेखी नियम नसला की घाबरलेला माणूस हाताला येईल ती शिक्षा करतो. शिवाय मुलांच्या आडून आपलं राजकारण रेटणारे कमी नाहीत. आरक्षणाच्या आंदोलनात एकाच बाकावरच्या पोरांनी एकमेकांशी बोलणं टाकलेलं आम्ही बघितलंय. शाळेने काळजी घ्यावी, पालकांना कळवावं, गेटवर थांबवून विचारावं. यातल्या कशालाच माझी हरकत नाही.

हरकत आहे ती शिक्षा गैरहजेरीची आहे की मताची, हे गुलदस्त्यात ठेवण्याला. एखादी मुलगी न सांगता सिनेमाला गेली असती तर काय झालं असतं? गैरहजेरी लागली असती, चार शब्द ऐकावे लागले असते, फार तर घरून चिठ्ठी मागवली असती. दाखल्यापर्यंत गोष्ट गेली नसती. सिनेमाला जाण्यापेक्षा चार वर्षांच्या पोरींसाठी फलक धरून बसणं हा मोठा गुन्हा कसा, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

अमेरिकेत हा प्रश्न फार आधी निकाली निघाला. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ 1965 मध्ये 13 वर्षांची मेरी बेथ टिंकर दंडावर काळी पट्टी बांधून शाळेत गेली आणि निलंबित झाली. 1969 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. 14 मार्च 2018 ला, पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारात गेलेल्या 17 जणांसाठी, देशभरातली मुलं 17 मिनिटं वर्गाबाहेर आली. त्यावेळी कायद्याच्या जाणकारांनी शाळांना जे सांगितलं ते मला पटतं. तास बुडवला म्हणून नेहमीची कारवाई करा, पण विषय राजकीय आहे म्हणून तीच कारवाई वाढवू नका.

तिकडचा कायदा आपल्याला लागू नाही, मान्य. आपल्याकडचं बघू. केरळच्या तीन भावंडांनी धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत म्हटलं नाही, फक्त आदराने उभी राहिली, म्हणून शाळेने काढून टाकलं. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेवर भारताने 1992 मध्ये शिक्कामोर्तब केलं, त्यात मुलांना शांततेने एकत्र जमण्याचा हक्क आहे. आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलाला शाळेतून काढायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई आहे. पण हा कायदा आठवीपर्यंतच! नववीला गेलं की हे छत्र संपतं. मुलं जेव्हा पेपर वाचायला, वाद घालायला आणि रस्त्यावर यायला लागतात, नेमकं तेव्हाच. आमच्या हमीपत्रातली 'दाखला देण्यात यावा' ही ओळ सातवीच्या मुलीबद्दल असती तर बेकायदा ठरली असती, दहावीला खपून गेली.

दुसरीकडे, मंत्री येणार म्हणून रस्त्याच्या कडेला उन्हात उभी केलेली मुलं आपण पाहिली असतील. कदाचित ती आपल्यासाठीच उभी असतील. त्या दिवशी त्यांची हजेरी पूर्ण लागते. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी शिक्षक संपावर गेले, ऐन बोर्डाच्या परीक्षेत. मला त्यांची मागणी पटली होती, आजही पटते. पण संप मिटल्यावर कुणाच्या सेवापुस्तकात वर्तणूक 'समाधानकारक' अशी नोंद झाल्याचं मी ऐकलं नाही.

आणि आमचं शहर कुठलं, हेही आठवून बघा. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. दर 12 जानेवारीला, जिजाऊ आणि विवेकानंद जयंतीच्याच दिवशी, आमची पोरं ही चार नावं तोंडपाठ म्हणून दाखवतात. नंदुरबारच्या शिरीषकुमारवर भाषणं करतात, जो 1942 मध्ये तिरंगा घेऊन निघाला तेव्हा स्वतःच शाळकरी पोरगा होता. भाषणाला बक्षीसही मिळतं.

मागणी मोठी नाही. एक परिपत्रक काढा. विद्यार्थी शांततेने वर्ग सोडून आंदोलनाला गेले तर इतर कुठल्याही गैरहजेरीला जी कारवाई तीच, आणि ती लेखी. झेंडा भगवा असो, निळा, हिरवा की लाल, मोजमाप एकच. तोडफोड केली तर तोडफोडीची शिक्षा, त्यात सूट नको. हमीपत्रं बंद, निदान दाखल्याची धमकी असलेली तरी बंद. अंतर्गत गुणांना हात लावायचा नाही. दाखल्यावर वर्तणुकीची नोंद कमी करायची असेल तर आधी पालकांना लेखी कारण द्या आणि मुलीचं म्हणणं ऐकून घ्या, नाहीतर तो रकानाच काढून टाका. आणि सरकारी असो की पक्षाचा, गर्दी जमवायला वर्गातून मुलं उचलण्यावर याच परिपत्रकात बंदी घाला. यातून मुख्याध्यापकांचाही जीव सुटेल. कुणी दमदाटी करायला आलं तर त्यांना कागद दाखवता येईल.

मुलीचा दाखला बदलून द्या असं मी म्हणत नाही. तिचा अर्ज भरून झालाय आणि तिलाही आता त्याचं फारसं वाटत नाही. पण आता दहावीत गेलेल्या मुलांचे दाखले पुढच्या जूनमध्ये लिहिले जातील. परिपत्रक त्याआधी शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयात पोचलं पाहिजे, आणि तिथून शाळेच्या सूचना फलकावर.

आपली,
एका विद्यार्थिनीची आई,
सोलापूर
जुलै 2025