घरच्या मोटारीचा मागचा ॲक्सल कोणी तपासायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरी किंवा गावातल्या वर्कशॉपमध्ये हाताने बनवलेल्या मोटारींच्या बातम्या गेल्या काही वर्षांत मराठी वृत्तपत्रांतून वरचेवर येऊ लागल्या आहेत. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून बनवलेली छोटी जीप डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली. आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक करतानाच, ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, असेही लिहिले, तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि पुढच्याच महिन्यात ती दिलीही. ती जीप मी पाहिलेली नाही, त्यामुळे तिच्या बांधणीविषयी मला काही म्हणायचे नाही. मला म्हणायचे आहे ते अशा बातम्यांविषयी आणि त्या वाचून कामाला लागणाऱ्या तरुणांविषयी. खर्च किती आला, इंजिन कोणत्या गाडीचे, ॲव्हरेज किती, हे सगळे या बातम्यांत असते. मागचा ॲक्सल, म्हणजे मागची दोन्ही चाके जोडणारा आडवा भाग, सांगाड्याला कशाने धरून ठेवला आहे, हे मात्र एकाही बातमीत माझ्या वाचनात आलेले नाही. चॅसिसच्या फिक्श्चरवर (वेल्डिंगसाठी सांगाड्याचे भाग जागच्या जागी धरणाऱ्या साच्यावर) नोकरी केलेल्या आणि निवृत्तीनंतर अशा काही गाड्यांखाली आडवे पडून पाहिलेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्न सगळ्यांत आधी पडतो.

मोटार हाताने बनवणाऱ्याची खरी परीक्षा मागे असते. पुढचे चाक, हब आणि स्टिअरिंग बहुतेक जण एखाद्या जुन्या गाडीचे क्रॉसमेंबरसकट (सांगाड्याच्या आडव्या तुळईसकट) उचलतात, त्यामुळे कारखान्याने ठरवलेली भूमिती निदान थोडीफार टिकून राहते. मागे मात्र लांबी-रुंदी बदललेली असते आणि ॲक्सल नव्या सांगाड्याला नव्याने टांगावा लागतो. आपल्याकडे मारुती ओम्नीचा मागचा ॲक्सल यासाठी सोयीचा पडतो, कारण त्या गाडीची ताकद मागच्या चाकांना जाते आणि हौसिंग (ॲक्सलचे कवच) आटोपशीर आहे. ओम्नीत हा ॲक्सल पाट्यांवर, म्हणजे लवचिक पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, बसवलेला असतो. पाटा केवळ वजन पेलतो असे अनेकांना वाटते, पण तो ॲक्सलला पुढेमागे हलू देत नाही, आडवा सरकू देत नाही, आणि ब्रेक मारल्यावर किंवा क्लच सोडल्यावर हौसिंग स्वतःभोवती फिरू पाहते तेही आवरतो. गाडी बसकी आणि स्पोर्टी दिसावी म्हणून पाटे काढून तिथे कॉइल स्प्रिंग आणि शॉकअप लावणे म्हणजे चार कामे करणारा जुना गडी काढून एकच काम जाणणारा नवा ठेवणे होय. उरलेली तीन कामे कोणी करायची याचा विचार आधी झाला नाही, तर ती सगळी शॉकअपच्या डोळ्यातल्या (टोकाच्या कडीतल्या) रबरावर आणि इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर येऊन पडतात, आणि ते भाग त्यासाठी घडवलेलेच नसतात.

ही तीन कामे करायला प्रत्येक बाजूला एक खालचा आणि एक वरचा असे चार आर्म (ॲक्सल सांगाड्याला जोडणारे दांडे) लागतात. ते चारही समांतर असतील तर आडव्या जोरासाठी पाचवा, म्हणजे पॅनहार्ड रॉड, लागतो. त्याचे एक टोक ॲक्सलला आणि दुसरे सांगाड्याला असल्याने ॲक्सल वरखाली होताना तो वर्तुळाच्या कंसात फिरतो आणि ॲक्सलला किंचित बाजूला ओढतो. गाडी उभी असताना रॉड आडवा असेल आणि त्याची लांबी ८०० मिमी असेल, तर ७५ मिमीच्या हालचालीत ही ओढ साडेतीन मिमी भरते; जागा नाही म्हणून ४०० मिमीचाच रॉड बसवला, तर ती दुप्पट होते. म्हणजे एकाच खड्ड्यात गाडीचा मागचा भाग सात मिमी बाजूला झटका देतो, आणि चालवणाऱ्याला वाटते की स्टिअरिंगमध्ये दोष आहे.

आता जोराचा हिशोब पाहा. गाडी माणसांसकट ७०० किलो धरली आणि अर्धे वजन मागे धरले, तर ॲक्सलवर ३५० किलो येतात. कोरड्या डांबरावर जोरात वळताना वजनाच्या सात दशांश इतका आडवा जोर सहज येतो, म्हणजे जवळपास २४५ किलो, आणि तो सगळा एका पॅनहार्ड रॉडने पेलायचा असतो. रॉडचा ब्रॅकेट सांगाड्याच्या नळीपासून १५० मिमी खाली लोंबत असेल, तर त्याच्या मुळाशी सुमारे ३६० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. लहान मोटारीच्या चाकाचे नट शंभराच्या आतबाहेर आवळले जातात, यावरून हा पीळ किती मोठा आहे ते लक्षात यावे. हा झाला गुळगुळीत रस्त्यावरचा संथ हिशोब; खड्ड्यातला धक्का धरायचा तर भार तिप्पट धरण्याची जुनी रीत आहे. अशा ब्रॅकेटला तिरका टेका देऊन तो दुसऱ्या नळीला बांधावाच लागतो. मी पाहिलेल्या गाड्यांत तो टेका क्वचितच दिसला, आणि जिथे नव्हता तिथे वेल्डिंगच्या कडेला केसासारखी चीर रंगाखालूनही ओळखू येत होती.

ब्रॅकेटविषयी थोडे अधिक लिहितो, कारण निम्म्याहून अधिक दोष मला इथेच आढळले. आर्मचे टोक ब्रॅकेटच्या दोन कानांच्या (उभ्या पट्ट्यांच्या) मध्ये धरलेले असावे. एकाच कानाला बोल्टने लटकवलेला आर्म तो बोल्ट वाकवत राहतो. बोल्ट ८.८ ग्रेडचा, म्हणजे मजबूत पोलादाचा, हवा, त्याचे आटे कानाच्या छिद्रात येता कामा नयेत, आणि नट नायलॉक (आपोआप सैल न होणारा) असावा. पातळ चौकोनी नळीला आरपार भोक पाडून बोल्ट आवळला की नळी चेपते, चेपली की बोल्ट सैल होतो, आणि मग कितीही आवळला तरी तो सैलच राहतो. म्हणून भोकात जाड भिंतीची बाही घालून ती दोन्ही बाजूंनी वेल्ड करावी लागते. चकचकीत रॉड-एंड (धातूचे गोल सांधे) दिसायला छान असले तरी आपल्या धुळीत आणि पावसात लवकर खडखडू लागतात, त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीला जुने रबरी बुशच बरे. ते बुश मात्र गाडी चाकांवर उभी करून, तिचे वजन स्प्रिंगवर आल्यानंतरच आवळायचे असतात. चाके लोंबत असताना आवळले, तर गाडी खाली उतरवताच रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि काही महिन्यांतच फाटते. वेल्डिंगच्या वेळी बुश काढून ठेवावेत हे सांगायलाच नको, पण मशीनचा अर्थिंगचा चिमटा दूर कुठेतरी लावला तर करंट बेअरिंगमधून जाऊन त्यात खड्डे पडतात, हे मात्र सांगावे लागते.

सांगाड्याचे म्हणाल तर जमिनीवर विटा रचून चॅसिस जोडणे हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे. त्याऐवजी जाड आय-बीमचे किंवा निदान सपाट पत्र्याचे जिग-टेबल, त्यावर मध्यरेषा, आणि प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून एकसारखे करणे एवढे तरी हवे. आधी सगळा सांगाडा फक्त टॅकवर (वेल्डच्या छोट्या ठिपक्यांवर) उभा करावा, पुन्हा मोजावा, आणि मगच वेल्डिंग करावे. तेही एक सांधा पूर्ण करून दुसऱ्याकडे न जाता, डावी-उजवी, पुढे-मागे असे आलटून पालटून, आणि थंड होईपर्यंत क्लँप न काढता. थंड होताना वेल्ड आक्रसते आणि सगळी चौकट आपल्याकडे ओढते. मागच्या ॲक्सलची एक बाजू पाच मिमी पुढे गेली, तर १२०० मिमी रुंदीच्या ॲक्सलवर तो पाव अंशाचा तिरकेपणा होतो आणि गाडी सरळ रस्त्यावरही किंचित आडवी चालते. ही चूक टायर झिजू लागल्यावर कळते, आणि तोवर सांगाड्याला रंग लागलेला असतो.

नळी कोणती वापरायची याबाबतही मनमानी दिसते. गेट आणि ग्रिलसाठी मिळणारी पातळ चौकोनी नळी, नळाचा गॅल्वनाइज्ड पाइप, जे हाती येईल ते घेतले जाते. गॅल्वनाइज्ड पाइपावर वेल्ड करताना जस्ताचा धूर होतो, तो छातीत जाऊन ताप येतो, आणि वेल्डमध्ये पोकळ्या राहतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या बाहा स्पर्धेच्या नियमांत मुख्य केजसाठी (चालकाभोवतीच्या पिंजऱ्यासाठी) २५ मिमी व्यासाची, ३ मिमी भिंतीची आणि किमान ०.१८ टक्के कार्बनची पोलादी नळी हा पाया मानला जातो, आणि वेल्डरला नमुन्याचे सांधे तोडून दाखवावे लागतात. स्पर्धेच्या बंदिस्त ट्रॅकवर, हेल्मेट घालून धावणाऱ्या गाडीला ही शिस्त आहे. गावच्या रस्त्यावर मुलाबाळांना घेऊन जाणाऱ्या गाडीला कोणतीच नाही.

पाया चुकला तर नामांकित अभियंत्यालाही तो महागात पडतो. ब्रिटनच्या लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये बाजारात आणलेली लोटस सेव्हन ही घरी जोडायच्या मोटारींची जणू कुलस्वामिनी. पातळ नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर रिव्हेट केलेला ॲल्युमिनियमचा पत्रा ही तिची रचना आजही जगभर नकलली जाते. १९६० च्या दुसऱ्या आवृत्तीत खर्च वाचवण्यासाठी सांगाड्यातल्या काही नळ्या कमी केल्या गेल्या आणि मागचा ॲक्सल धरायला ए-आकाराचा ब्रॅकेट डिफरन्शियलच्या (ॲक्सलच्या मधल्या, चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) खालच्या बाजूला जोडला गेला. मूळ साध्या घरगुती मोटारीसाठी बनलेल्या त्या हौसिंगला हा ताण झेपेना; तेल गळू लागले, कवच चिरू लागले. ॲक्सल दुसऱ्या गाडीचा उचलताना तो मूळ गाडीत कुठे धरला होता आणि आपण कुठे धरतो आहोत, हे पाहणे किती गरजेचे आहे, याचा याहून बोलका दाखला मला माहीत नाही.

एवढे वाचून कोणाला वाटेल की मी या हौसेला विरोध करतो आहे. तसे मुळीच नाही. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात हाताने यंत्रे घडवणाऱ्यांची परंपरा आहे आणि तिचा मला अभिमान आहे. अडचण कायद्याची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद केली. नव्याने बनवलेल्या गाडीला केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२६ लागू होतो. तो पुण्याची एआरएआय किंवा भोसरीची सीआयआरटी यांसारख्या वाहन-चाचणी संस्थांकडून नमुना वाहनाची मंजुरी मागतो, आणि ती पद्धत हजारो गाड्या विकणाऱ्या कारखान्यांसाठी आखलेली आहे. एकच गाडी बनवणाऱ्याला ती परवडणारी नाही. परिणामी गाडी बनतच राहते, रस्त्यावरही येते, फक्त तपासली जात नाही, कारण तपासायला नेली तर जप्त होण्याची भीती असते.

ब्रिटनमध्ये हौशी माणसाने बनवलेल्या एकट्या गाडीसाठी १९९८ पासून स्वतंत्र तपासणीची वाट आहे आणि २००९ पासून ती वैयक्तिक वाहन मंजुरी या नावाने चालते. तपासनीस गाडी वर उचलून आर्म, ब्रॅकेट, बोल्ट, ब्रेकचे होज (रबरी नळ्या), धारदार कडा हे सगळे पाहतो, दोषांची यादी हातात देतो, आणि दुरुस्ती करून आणलेली गाडी पुन्हा पाहतो. आपल्याकडे अशी वाट काढणे अशक्य नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केलेच की. तसाच एक वर्ग एकट्या, विक्रीसाठी नसलेल्या, वेग आणि अंतराच्या मर्यादेत चालवायच्या गाड्यांसाठी करता येईल. त्यात बांधणीच्या दोन टप्प्यांवर तपासणी असावी: पहिली सांगाडा वेल्ड झाल्यावर पण रंगाआधी, आणि दुसरी गाडी पूर्ण झाल्यावर. दुसऱ्या वेळी स्प्रिंग काढून ॲक्सल वरपासून खालपर्यंत हलवून पाहावा, म्हणजे ब्रेकचा होज ताणतो का, प्रोपेलर शाफ्टचा सरकता सांधा बाहेर येतो का, टायर सांगाड्याला घासतो का, हे तिथल्या तिथे कळेल. पहिल्या टप्प्याची तपासणी जिल्ह्यातल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे किंवा तंत्रनिकेतनांकडे सोपवता येईल; बाहासारख्या स्पर्धांमुळे तिथल्या कितीतरी शिक्षकांना हे काम आधीच येते.

राज्याच्या परिवहन विभागाने असा प्रस्ताव केंद्राकडे पाठवावा, अशी माझी मागणी आहे. तोवर आपल्या वार्ताहरांना एक विनंती: अशा गाडीची बातमी देताना तिचा एक फोटो खालून, मागच्या ॲक्सलचा, जरूर छापावा आणि तो छापण्याआधी एखाद्या जाणत्या फॅब्रिकेटरला दाखवावा.

आपला,
एक निवृत्त फिक्श्चर कारागीर
कोल्हापूर