होलोवे जेलवर विनोदी सिनेमा का नाही?

संपादक साहेब, मतदानाच्या हक्कासाठी लढलेल्या ब्रिटिश बायकांवर सिनेमा म्हटलं की सगळं गंभीरच असतं, पण त्यांना जिथे डांबायचे त्या लंडनच्या होलोवे जेलवर झकास उपहासात्मक सिनेमा होईल, फारसं काही रचावंही लागणार नाही. १९१२ मधे संगीतकार एथेल स्माइथ मंत्र्याच्या घराची काच फोडली म्हणून या जेलमधे गेली, आणि खाली जेलच्या अंगणात बाकीच्या बायका तिचंच गाणं म्हणत मार्च करतायत आणि ही वर खिडकीतून टूथब्रश हलवून ताल देतेय! पुढच्याच वर्षी सरकारने कायदा केला, उपोषणाने खंगलेल्या बाईला सोडायचं, बरी झाली की परत आत टाकायचं, लोकांनी त्याला नाव दिलं मांजर-उंदीर कायदा. माझी हिरॉइन मात्र लेडी कॉन्स्टन्स लिटन. ही पण त्याच लढ्यातली, बड्या घरची. हृदय कमजोर म्हणून हिला जेलमधून सोडून दिलं, मग १९१० मधे ती वेष बदलून साधी शिवणकामवाली बनून लिव्हरपूलला पकडली गेली (जेल वेगळं, पण चालतंय), तर आधी छातीसुद्धा न तपासता नळीने जबरदस्तीने खाणं घातलं. हसू येतं आणि डोकं पण फिरतं. त्या डॉक्टरचा रोल एखाद्या कसलेल्या विनोदी नटाला द्या, आणि आयटम साँग कृपया नको.

– एक वाचक, नाशिक