आधी डायल लाव, मग कट घे

वडगाव, बेळगाव
रविवार, सकाळ

चि. माई,
अनेक आशीर्वाद.

गणपतीला आलीस तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या ट्रेनरच्या परीक्षेचं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक इथंच विसरलीस. फोन केला तर म्हणालीस, "राहू दे बाबा, माझ्याकडं पीडीएफ आहे." मग मीच वाचायला घेतलं. दुसरी पाळी सुटली की साडेअकराला जेवतो, मग अर्धा तास पुस्तक. अडलेला शब्द मोबाईलला विचारतो. तुझ्या आईला वाटतंय, मी आता लेथ सोडून जिम काढणार.

फोनवर आपलं बोलणं भांडणावर जातं. मी "आमच्या तालमीत" म्हटलं की तू "बाबा, सायन्स" म्हणतेस. म्हणून हा कागद.

आधी एक गोष्ट सांगतो, आजवर तुला सांगितली नाही. सोळा वर्षांचा होतो. टायफॉइडनं महिनाभर अंथरुणात पडून नुकताच उठलेलो. आनंदवाडी आखाड्यातलं मैदान तोंडावर आलेलं, म्हणून तिसऱ्याच दिवशी लंगोट लावून तालमीत हजर. वस्तादांनी काहीही विचारलं नाही. "पाचशे बैठका," एवढंच. मी काढल्या. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. ते सगळ्यांचंच होतं, त्यात काय? पण तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. तुझ्या आजीनं "उष्णता झाली" म्हणून धण्याचं पाणी पाजलं. संध्याकाळी काकांनी सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. चार दिवस सलाईन. डॉक्टर काय म्हणाले ते घरात कुणालाच कळलं नाही.

ते मला आता एक्कावन्नाव्या वर्षी तुझ्या पुस्तकात सापडलं. रॅब्डोमायोलायसिस. शब्द उच्चारायलाच दोन दिवस लागले. सवय मोडलेल्या स्नायूवर एकदम भार टाकला की त्याचे तंतू फुटतात, आतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडाला ते झेपत नाही. लघवीचा रंग चहासारखा किंवा कोलासारखा दिसला तर उद्यावर ढकलायचं नाही, सरळ दवाखाना. वस्ताद माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या घरातलं दूध पोरांना पाजायचा. पण त्याच्याकडं माप एकच, आणि तेच सगळ्यांना.

आमच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत नवा पोरगा आला की त्याला पहिल्यांदा मशीन चालू करूच देत नाहीत. फौंड्रीतनं आलेलं कास्टिंग लेथच्या फोर-जॉ चकात, म्हणजे चार जबड्यांच्या पकडीत धरायचं, डायल म्हणजे मापाचं काटेरी घड्याळ लावायचं, चक हातानं फिरवून जॉब किती आऊट, म्हणजे मध्यापासून किती सरकलेला आहे ते बघायचं. मग कट. तोही पहिला हलकाच. तुझ्या पुस्तकाची पहिली शंभर-दीडशे पानं मला तरी हेच सांगताना दिसली, फक्त इंग्रजीत. पाचशे बैठका काढता येणं वेगळं आणि समोरच्याला आज किती द्यायच्या हे कळणं वेगळं. मला वाटायचं पहिलं आलं की दुसरं आपोआप येतं.

त्यातला तो सात प्रश्नांचा फॉर्म आहे की नाही, व्यायामाआधी विचारायचा? तो मी आत्यावर वापरून बघितला. तिला तुझ्याकडंच शिकायचंय म्हणे. स्वयंपाकघरात मसूर निवडत बसली होती. मी एकेक प्रश्न मराठी करून विचारला. हृदयाचा त्रास आहे असं डॉक्टर कधी बोललेत? "नाही बा." चालताना छातीत दुखतं? "नाही." चक्कर? "कशाला येईल?" सांधे? "मला काय झालंय रे, धडधाकट आहे बघ." गोळ्या काही चालू आहेत? "हां, त्या तेवढ्या आहेत," म्हणून कमरेची चंची सोडली. पान-सुपारीच्या मधनं दोन पाकिटं निघाली. एक रक्तदाबाची मेटोप्रोलॉल, एक साखरेची ग्लिमेपिराइड. सहा वर्षांपासून घेते. तिच्या लेखी तो आजार नव्हेच, नुसत्या गोळ्या.

म्हणून सांगतो, "काही आजार आहे का" असं विचारून थांबू नको. "पिशवीत काय आहे, दाखवा" म्हण.

आता या दोन गोळ्यांनी काय होतं ते मी चाळून काढलं. तू खरं-खोटं बघ. आत्या अठ्ठावन्नची. दोनशेवीस वजा वय केलं तर जास्तीत जास्त नाडी 162 येते. हा आकडा मुळातच अंदाजाचा, दहा-बारा ठोके इकडं किंवा तिकडं. पण मेटोप्रोलॉल बीटा ब्लॉकर, ती नाडी फारशी चढूच देत नाही. तू घड्याळात बघून "अजून 100 च आहे, जोर लावा" म्हणशील आणि आत्या आतनं दमलेली असेल. तिथं नाडी सोड, बोलायला लाव. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम मध्यम व्यायामाला पुरे. नाहीतर ते बोर्गचं माप, किती दम लागला ते ज्यानं त्यानं आकड्यात सांगायचं, सहा ते वीस. सहापासून का सुरू, यावर मी दोन रात्री घालवल्या. आकड्यापुढं शून्य लावलं की निरोगी माणसाची साधारण नाडी निघते, सहाला साठ, वीसला दोनशे. माणसानं डोकं लावलंय खरं!

दुसरी गोळी साखर खाली आणते, व्यायामही खाली आणतो. दोन्ही एकत्र आले की साखर फार उतरू शकते. एरवी छाती धडधडून, हात कापून कळतं, पण पहिली गोळी ती धडधडच झाकते. घाम तेवढा राहतो. आत्याला विनाकारण दरदरून घाम आला तर थांब, साखर तपास, पंधरा ग्रॅम साखर दे, म्हणजे साधारण तीन चमचे, आणि पंधरा मिनिटांनी परत बघ. गोळी कमी करा, बंद करा, हे मात्र तुझ्या तोंडातनं कधी येऊ नये. ते डॉक्टरांचं. दुखणं काय आहे ते ठरवणंही त्यांचंच. जिममधली पोरं गुडघ्याला हात लावून "लिगामेंट गेलंय" म्हणून मोकळी होतात, तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही.

स्नायूंची नावं तू पाठ करशीलच, त्यात मी काय सांगू? मांडीपुढचे चार, खांदा धरून ठेवणारे चार. शक्ती कुठनं येते तो धडा मात्र मला एका वाचनात कळला, कारण कुस्ती डोळ्यांपुढं होती. झटक्यात पट काढला ती पहिल्या दहा सेकंदांची साठवलेली शक्ती. खाली धरून घिस्सा मारायला मिनिटभर झटापट चालली की साखर जळते आणि मांड्या पेटतात. वीस मिनिटं नुसती खडाखडी चालली तर हवेवर, म्हणजे ऑक्सिजनवर. फक्त पुस्तकाला लाल माती लागलेली नाही, एवढाच फरक.

बैठकीवर मात्र मी भांडणार. तुझा तो व्हिडिओतला पोरगा सगळ्यांना सांगतो, गुडघा पायाच्या बोटांपुढं जाता कामा नये. आम्ही टाचा उचलून जन्मभर बैठका काढल्या, गुडघे बोटांच्या पुढंच जायचे. मग तुझ्याच पुस्तकात वाचलं की गुडघा जबरदस्तीनं मागं ठेवला तर भार कमरेवर आणि पाठीवर सरकतो. ज्याची मांडी लांब, तो पुढं झुकणारच. आमचा माधवपूरचा उंच पैलवान आणि मी ठेंगू, दोघांची बैठक एकसारखी कशी होईल? म्हणजे तो पोरगाही पुरता बरोबर नाही आणि मीही. माझा उजवा गुडघा पावसाळ्यात जे बोलतो ते वेगळंच.

खाण्याचं थोडक्यात. डब्यातली पावडर विकायला लागू नको. निरोगी माणसाला किलोमागं पाऊण-एक ग्रॅम प्रथिनं लागतात, जोर करणाऱ्याला त्याहून जास्त. कच्च्या मसुरात शंभर ग्रॅमला चोवीसच्या आसपास असतात, आणि बेळगावी मसुरावर वाढलेल्या माणसाला हे शिकवायला तुला बाहेरचा डबा लागू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णाचं पथ्य मात्र आहारतज्ज्ञाकडं.

परीक्षेला दीडशे प्रश्न आणि तीन तास, ते तू बघशीलच. सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून श्वास द्यायचं, प्रमाणपत्र मात्र कागदापुरतं घेऊ नको. मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, तीस दाबांना दोन श्वास, आणि कुणालातरी आधी 108 लावायला सांगायचं. चार वर्षांपूर्वी शॉपमध्ये एकजण मशीनपुढं कोसळला. आम्ही बाराजण भोवती. कुणी कांदा हुंगवला, कुणी तोंडात पाणी घातलं. मी त्याचे तळवे चोळत होतो. तो राहिला नाही.

इथं परत येऊन काम सुरू करायचं म्हणतेस, तर येणाऱ्यांत वडगावचे मागवाले विणकर असतील, दिवसभर उभे राहून पोटऱ्या फुगलेले, आणि निम्मे कन्नड बोलणारे. वजन उचलताना श्वास धरला की रक्तदाब चढतो, हे त्यांना इंग्रजीत सांगून काय उपयोग? "उसिरु बिडि" म्हण, लगेच सोडतील. दुखण्याला "नोवु". बाकी तुझं कन्नड माझ्यापेक्षा बरं आहे.

आत्या येत्या शनिवारी डॉक्टरांकडून चिठ्ठी आणणार आहे, व्यायाम चालेल का आणि किती, अशी. मी बरोबर जातोय, नाहीतर ती तिथंही "काय नाही" म्हणेल. दसऱ्याला आलीस की तिचा पहिला तास तूच घे. खुर्चीवरनं उठ-बस यापासून सुरू करायचं, असं तुझ्या पुस्तकात आहे. आपल्या घरातली लाकडी खुर्ची मी मोजली, सतरा इंच भरली. आत्याची उंची बघता ती थोडी खाली पडते, तेव्हा दोन इंचाची फळी रंधून ठेवली आहे. हलू नये म्हणून खाली रबर लावलंय.

तुझा,
बाबा